पडद्यावर जागा नाही, आयुष्याला पडदा नाही

काही आठवड्यांपूर्वी परभणीत आपल्या कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. विषयपत्रिका नेहमीचीच होती : सोयाबीन-कापसाचा हमीभाव, पीकविम्याची रखडलेली रक्कम, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा. बैठक आटोपत आली असताना जिंतूर तालुक्यातील एक तरुण कार्यकर्ती उभी राहिली व तिने विचारले, "संध्याकाळी घरोघर ज्या मालिका चालतात, त्यांत माझ्या रंगाची, माझ्यासारखं बोलणारी मुलगी का नसते? आणि आमच्यातली एखादी कधी लोकांच्या नजरेत आलीच, तर तिचं सगळं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर का येतं? यावर पक्षाला काही म्हणायचं आहे की नाही?" एका ज्येष्ठ साथींनी हसतच उत्तर दिले, "माय, हे पुण्या-मुंबईचे चोचले हायेत. आपल्यापुढं पोटाचा सवाल हाय." सभेत हशा पिकला. ती मुलगी खाली बसली. अध्यक्षस्थानी मी होतो आणि मीही गप्प राहिलो. उभी हयात अर्थशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाने त्या क्षणी गप्प राहणे हा प्रमाद होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मौनाचे परिमार्जन समजावे.

त्या मुलीने एका दमात तीन प्रश्न विचारले होते : स्त्रीचा, रंगाचा आणि खाजगी जीवनाच्या हक्काचा. हे तीन प्रश्न उपटसुंभ आहेत, परदेशी वाऱ्याबरोबर आले आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच विचारपरंपरेची पाने पुन्हा उलटून पाहावीत. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ज्या सप्तक्रांती सांगितल्या, त्यांत आर्थिक विषमतेविरुद्धची क्रांती जशी आहे तशीच स्त्री-पुरुष समतेची आहे, कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदाविरुद्धची आहे, जन्मजात जातिभेदाविरुद्धची आहे. आणि व्यक्तीच्या खाजगी जीवनावर समूहाने वा सत्तेने केलेल्या आक्रमणाविरुद्धचीही आहे. या सात क्रांत्या एकामागून एक रांगेने करावयाच्या नसून एकाच वेळी लढावयाच्या आहेत, हा त्यांचा आग्रह होता. आपण मात्र त्यांतली पोटाची तेवढी उचलली आणि बाकीच्या भाषणाच्या शेवटी नुसत्या मोजून दाखवण्यापुरत्या ठेवल्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या माणसांना या समाजाच्या पडद्यावर जागा नाही, त्यांच्याच आयुष्याला पडदा नाही. दिसण्याचा मान ज्यांना नाकारला जातो, त्यांच्यावरच उघडे पडण्याची सक्ती केली जाते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकाच मालकीव्यवस्थेच्या त्या दोन बाजू आहेत.

रंगाचा बाजार

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेऊ. 'स्टार प्रवाह' वाहिनीवर २०१९ पासून २०२३ पर्यंत 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. काळ्या रंगामुळे अवहेलना सोसणाऱ्या दीपाची ती कथा. लोकप्रियतेच्या यादीत ती दीर्घकाळ वरच्या क्रमांकांवर होती. विषय स्वागतार्ह होता, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. परंतु ती दीपा रंगवली कोणी? मूळच्या उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला रंगभूषेने सावळे करून ती भूमिका देण्यात आली. त्या अभिनेत्रीचा यात काडीचाही दोष नाही. तिने आपले काम निष्ठेने केले. प्रश्न निर्मात्यांना आहे. काळ्या मुलीला समाज नाकारतो, असे जी मालिका वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी सांगत होती, तिलाच त्या भूमिकेसाठी बारा कोटींच्या महाराष्ट्रात एक काळी मुलगी मिळू नये? पुढे २०२४ च्या सप्टेंबरात 'झी मराठी'वर 'सावळ्याची जणू सावली' सुरू झाली. तिची नायिका सावळी, गळा गोड. पण आवाज तिचा आणि मिरवणारा चेहरा दुसऱ्या, उजळ मुलीचा, असे तिचे कथासूत्र. येथेही सावळेपणा पुन्हा रंगपेटीतूनच आला. आपण काय करीत आहोत, हे या धंद्याने आपल्याच कथानकात अनवधानाने लिहून ठेवले आहे : दुःख काळ्या मुलीचे, मानधन दुसऱ्याचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कलेच्या नावाने. नट म्हणजे नट. तो राजा होतो, भिकारी होतो, मग गोऱ्याने काळे व्हायला हरकत कोणती? या आक्षेपाला आपल्याच चित्रपटाच्या जन्मकथेत उत्तर आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर उभी राहायला स्त्री मिळेना. रंगभूमीवर तर पुरुषाने स्त्री होणे ही प्रतिष्ठेची परंपराच होती. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी या साध्या गोष्टीला प्रारंभ झाला. साळुंके यांचा अभिनय वाईट होता म्हणून हे घडले नाही. स्त्रीला तिथे उभे राहण्याची बंदी होती, ती बंदी मोडली म्हणून घडले. सोंग दोन्ही बाजूंनी घेता येत असेल तर ती कला. एकाच बाजूने घेता येत असेल तर ती मक्तेदारी. ज्या दिवशी काळ्या वर्णाची मुलगी सरदारकन्येपासून डॉक्टरणीपर्यंत कोणत्याही भूमिकेत, रंगाचा उल्लेखही न होता, सहज उभी राहील, त्या दिवशी गोरीने काळे होण्यालाही माझी हरकत उरणार नाही.

आणि हे अशक्यही नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाल्यावर ज्या मुलीने तिथे मराठी बातम्या वाचल्या, ती सावळी स्मिता पाटील पुढे १९७७ च्या 'जैत रे जैत'मध्ये आणि १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. तिच्या रंगाने कोणाचा दूरदर्शन संच बिघडला नाही. म्हणजे प्रेक्षक तेव्हाही तयार होता. बदलली ती मालकी आणि तिचा हिशेब.

दुसरा आक्षेप या हिशेबाचाच : लोकांना जे हवे तेच आम्ही देतो. अर्थशास्त्रात याला ग्राहकाचे सार्वभौमत्व म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते खरेही वाटते. परंतु खाजगी वाहिनीच्या व्यवहारात प्रेक्षक हा मुख्य ग्राहक नव्हेच. ग्राहक आहे जाहिरातदार. वाहिनी त्याला जो माल विकते तो माल म्हणजे प्रेक्षक, म्हणजे आपण. जाहिरातदाराला हवे असते ते असमाधानी मन. जिला आपला चेहरा आहे तसा मान्य आहे, ती मलम विकत घेत नाही. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ मध्ये बाजारात आले आणि पुढची पंचेचाळीस वर्षे नोकरी, लग्न व आत्मविश्वास या तिन्हींची किल्ली गोरेपणात आहे, असे ते या देशाच्या मुलींना सांगत राहिले. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, जगभर उद्रेक झाला, आणि जुलैत त्या मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्द गळून 'ग्लो' आला. आमच्या गावच्या काळ्या मुलीच्या पंचेचाळीस वर्षांच्या अपमानाने जे झाले नाही, ते सातासमुद्रापलीकडच्या रस्त्यावरील आंदोलनाने झाले. तरीही बदलली ती पाटी. दुकान तेच, गल्ला तोच.

मालकीकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. 'स्टार प्रवाह' आणि 'कलर्स मराठी' या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्या २०२४ च्या नोव्हेंबरात रिलायन्स व डिस्ने यांच्या एकत्रीकरणानंतर एकाच छत्राखाली आल्या. कोणाची गोष्ट सांगायची, कोणत्या चेहऱ्याने सांगायची आणि कोणत्या बोलीला नायिकेची बोली मानायचे आणि कोणत्या बोलीला नोकर-विनोदवीराची, हे ठरवणारी टेबले इतकी थोडी असतील, तर त्या टेबलांशी परभणीच्या, नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या माणसाला खुर्ची मिळणार कोठून? नुसते चेहरे मोजून हा प्रश्न सुटणार नाही, हे आपल्या शहरी मित्रांनाही सांगितले पाहिजे. २०२३ साली अमेरिकेतील 'द लिटल मर्मेड' या चित्रपटात हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेला जलपरी केले, म्हणून तिकडे केवढे वादळ उठले. काल्पनिक जलपरीचा रंग कोणता, यावर आपल्याकडील सुशिक्षित तरुणही दोन तट करून भांडले. त्यांच्या भांडणात तथ्य नव्हते असे नाही. पण चेहरा बदलला आणि गल्ल्याची किल्ली त्याच खिशात राहिली, तर ते प्रतिनिधित्व नव्हे. ती नुसती सजावट.

लोहियांनी सौंदर्य आणि कातडीचा रंग यांवर लिहिताना हेच सांगितले होते. गोऱ्या जगाने काही शतके सत्ता गाजवली म्हणून गोरेपणा सुंदर ठरला. आफ्रिकेच्या माणसांनी तशी सत्ता गाजवली असती तर सौंदर्याची मोजपट्टी वेगळी झाली असती. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे एका उपाहारगृहात त्यांना रंगावरून प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही व पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पुढे अमेरिकन सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. भारताचा एक खासदार परक्या देशातल्या रंगभेदासाठी अटक करवून घेतो आणि त्याच्या विचारांचा वारसा सांगणारे आपण, सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकून घरी येतो आणि मुलासाठी स्थळ पाहताना 'मुलगी उजळ हवी' म्हणतो. हा विनोद नव्हे, हे आपले राजकीय अपयश आहे.

प्रसिद्धीची किंमत

आता दुसरी बाजू. वंचितांच्या जगातले कोणी खरोखरच पडद्यावर आले तर काय होते?

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या तोंडाला पावडर लावतो, नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो. पण त्या पोराची सर्वांत मोठी इच्छा गोरे होण्याची नाही. डुकरे धरण्याचे काम करताना वर्गातल्या मुलीने आपल्याला पाहू नये, एवढेच त्याला हवे असते. तो लपतो. बाप त्याला ओढून बाहेर काढतो आणि सारे गाव कडेला उभे राहून खेळ पाहावा तसे पाहते. खाजगीपणा म्हणजे काय, हे मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या प्रसंगाने अधिक स्पष्ट केले. अपमानाच्या क्षणी आपल्यावर कोणाची नजर असावी, हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे खाजगीपणा. जब्याला तो नाही.

मंजुळे यांचाच 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून गणला गेला. अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू एका उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्राची आर्ची झाली. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवरून कॉलेजात येणारी, ग्रामीण बोलीत बेधडक बोलणारी नायिका, हे मराठी पडद्यावर घडलेले मोठे काम होते. पण त्याची किंमत त्या मुलीने काय मोजली? गर्दीमुळे नेहमीसारखे शाळेत जाणे अशक्य होऊन तिने दहावीची परीक्षा बाहेरून दिल्याच्या बातम्या आल्या. तिच्या दहावीच्या गुणांची बातमी झाली. एका अल्पवयीन मुलीची गुणपत्रिका ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे महाराष्ट्राने परस्पर ठरवून टाकले. चित्रपटसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या घराण्यांतील मुलांना कुंपण असते, पहारेकरी असतात, वकील असतात, परदेशातील शाळा असते. अकलूजच्या शिक्षकाच्या मुलीला यातले काय होते? नंतर २०१८ मध्ये 'सैराट'ची हिंदी आवृत्ती 'धडक' निघाली. गाव उदयपूर झाले, नायिका चित्रपटघराण्यातली झाली आणि मूळ कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न पार फिकट झाला. कथा विकत घेतली, माणसे बदलली.

पोटाचा प्रश्न आणि पडद्याचा प्रश्न

येथे ज्येष्ठ साथींचा मुख्य आक्षेप पुढे येतो : गरिबाला भाकर हवी, त्याला खाजगीपणाचे काय? हा आक्षेप नवा नाही आणि तो आपला तर मुळीच नाही. तो सत्ताधाऱ्यांच्या भात्यातला आहे. आधारच्या निमित्ताने निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी दाखल केलेल्या खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, अशी भूमिका सरकार पक्षाने घेतली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ती फेटाळली आणि खाजगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग ठरवला. गरिबांना केवळ आर्थिक भल्याची चिंता असते, नागरी हक्कांशी त्यांना कर्तव्य नसते, हा युक्तिवादही त्या निकालात स्पष्टपणे नाकारलेला आहे. न्यायमूर्तींना जे उमगले ते समाजवादी कार्यकर्त्याला उमगू नये?

उलट, पडदा नसणे हेच दारिद्र्याचे एक मुख्य लक्षण आहे. ज्या घराला एकच खोली असते, त्या घरातली बाई साडी कोठे बदलते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांत आपल्या राज्यात 'गुड मॉर्निंग पथके' निघत. पहाटे शिट्ट्या वाजवीत हे सरकारी लोक उघड्यावर बसलेल्या माणसांना उठवीत, हार घालीत, छायाचित्रे काढीत. स्वच्छतेचा हेतू चांगला होता, यात वाद नाही. पण घरात शौचालय नसलेल्या बाईचे छायाचित्र काढण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? कर बुडवणाऱ्या एखाद्या उद्योगपतीच्या दारात असे पथक शिट्टी वाजवीत गेल्याचे कोणी पाहिले आहे काय?

कायद्याचाही असाच उफराटा न्याय. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नाव खाजगीपणाचे, पण त्याने सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती दिल्या आणि जाता जाता माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये असा बदल केला, की 'व्यक्तिगत माहिती' म्हणून सार्वजनिक कारभाराची माहितीही नाकारणे सोपे व्हावे. म्हणजे ज्याने झाकून घ्यायला नको त्या सत्तेला पडदा, आणि ज्याला पडदा हवा त्या नागरिकावर टेहळणी. खाजगीपणाची मागणी आपण सोडून दिली, तर तिचा असा गैरवापर करायला सत्ता मोकळीच आहे.

स्त्रीच्या बाबतीत तर या उघडेपणाला सीमाच नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, १९७९ मध्ये चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलातच बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. पण जिच्यामुळे हे संरक्षण इतर सर्व स्त्रियांना मिळाले, तिचे स्वतःचे नाव मात्र खटल्याचे नाव होऊन बसले. मी ते येथे मुद्दाम लिहीत नाही. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत ठार झालेल्या मायलेकींच्या विटंबित देहांची छायाचित्रे हातोहात फिरली, आणि ती फिरवणाऱ्यांत निषेध करणारेही होते. आपला हेतू शुद्ध होता, एवढ्याने त्या मृत स्त्रियांची संमती मिळाली असे होत नाही.

परभणीत जे आपण पाहिले

हे सारे दूरचे वाटत असेल तर डिसेंबर २०२४ आठवावा. १० डिसेंबरला परभणी स्थानकाबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद व हिंसाचार, त्यानंतर अटकसत्र. दलित वस्त्यांत पोलीस घराघरांत शिरले, स्त्रियांनाही मारहाण झाली, असे आरोप तेथील रहिवाशांनी केले. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या लढाईचा कायदेशीर भाग येथे मांडण्याचे कारण नाही. त्यावर आपण रस्त्यावर बोललो आहोत.

येथे सांगावयाचे ते एवढेच. ज्या वस्तीत कोणत्याही मालिकेच्या कॅमेऱ्याने आजवर पाऊल टाकले नाही, जिथली सासू-सून, प्रेम, परीक्षा, लग्न, रुसवे-फुगवे यांची एकही गोष्ट सांगण्यासारखी आहे असे कोणाला वाटले नाही, ती वस्ती त्या आठवड्यांत देशभरच्या पडद्यावर होती. फुटलेले दार दिसत होते, अंगावरचे वळ दिसत होते, मुलगा गमावलेल्या आईचा आक्रोश दिसत होता. अन्यायाला वाचा फुटावी म्हणून ते दिसणे आवश्यकच होते; त्या लोकांनी ते स्वतः होऊन दाखवले, कारण त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते. पण ज्या समाजात माणसाला आपले दुःख सिद्ध करण्यासाठी अंगावरचा कपडा बाजूला करून वळ दाखवावे लागतात, आणि त्याच माणसाच्या हसण्या-खेळण्याला पडद्यावर जागा नसते, त्या समाजात समता आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईचे जन्मगाव. शूद्र, दासी आणि स्त्री अशा तिहेरी ओझ्याखालच्या त्या बाईने दळणकांडणाचे आपले जग स्वतःच्या नावाने गायले आणि लोकलाज बाजूला सारून भर बाजारात जाण्याची भाषा केली. ती निर्लज्जपणाची भाषा नव्हती, स्वातंत्र्याची होती. कारण बाजारात जायचे की नाही हे तिने स्वतः ठरवले होते. स्वतःच्या इच्छेने प्रकट होणे ही मुक्ती आणि दुसऱ्याच्या इच्छेने उघडे पडणे ही गुलामी. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला प्रतिनिधित्वाचा आणि खाजगीपणाचा लढा एकच का आहे, हेही कळेल.

आपले घर

दोष केवळ भांडवलदारांच्या आणि सरकारच्या माथी मारून थांबणे मला शक्य नाही. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. वर्गातली एक हुशार मुलगी स्नेहसंमेलनात गायली. कोणीतरी ते मोबाइलवर टिपले, आणि तिच्या रंगावर व अंगकाठीवर घाणेरडे शेरे लिहून ती चित्रफीत गावभर केली. माझ्यापर्यंत ती पोहोचवली आपल्याच एका साथीने. "सर, बघा काय दिवस आले," असे वर लिहून! त्याला चीडच आली होती, यात शंका नाही. पण त्याने ती आणखी तीस माणसांना पाठवली होती. मी स्वतः ती शेवटपर्यंत पाहिली, मग पुसली. आठ दिवसांत मुलीचे कॉलेज बंद झाले. मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं हाय. पण पोरीला नांदायचं लोकात हाय, तुमच्या पुस्तकात न्हाई." माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिची पदवी राहून गेली. जिला सुशिक्षित होऊन चार पैसे मिळवता आले असते, तिच्या पोटाचा प्रश्न त्या दिवशी तिचा रंग, तिचे स्त्रीत्व आणि तिचा पडदा या तिहींनी मिळून ठरवला. आता सांगावे, हे चोचले आहेत काय?

म्हणून काही कामे सुचवतो. पक्षाच्या कोणत्याही कार्यकर्त्याने कोणत्याही स्त्रीचे, पीडिताचे किंवा मुलाचे छायाचित्र वा चित्रफीत त्या व्यक्तीच्या वा तिच्या घरच्यांच्या संमतीवाचून पुढे पाठवू नये, निषेधासाठीही नाही. हा नियम शाखाशाखांनी ठराव करून स्वीकारावा आणि मोडणाऱ्याला जाब विचारावा. पुढल्या अभ्यासवर्गात सप्तक्रांतीतील रंगाचा आणि खाजगी जीवनाचा विषय स्वतंत्रपणे ठेवावा आणि तो मांडण्याचे काम तरुण कार्यकर्तींकडे द्यावे. वाहिन्यांना पत्रे जावीत, शिष्टमंडळे जावीत : नायिका कोणत्या रंगाची, कोणत्या बोलीची आणि लेखक कोणत्या जिल्ह्याचा, हे आम्ही मोजत आहोत, असे त्यांना कळू द्यावे. प्रेक्षक हा माल असेल, तर माल संपावर जाऊ शकतो, हे कामगार चळवळीत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्या तालुक्यांतली नाटके, कलापथके, शाळा-कॉलेजांच्या एकांकिका यांना पक्षाने जागा, पैसा व प्रेक्षक मिळवून द्यावा. दुसऱ्याच्या पडद्यावर जागा मागताना आपला पडदा उभारणे थांबता कामा नये. आणि माहिती अधिकारावर घातलेला घाला मागे घ्या, नागरिकाला पडदा द्या व सत्तेचा काढा, ही मागणी हमीभावाच्या मागणीबरोबर एकाच निवेदनात लिहावी.

पोटाचा प्रश्न पहिला, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मी तोच विषय शिकवत आलो. पण भाकरीसाठी लढणारा माणूस मान खाली घालून लढू शकत नाही. त्या बैठकीत हशा पिकला तेव्हा एका मुलीने मान खाली घातली होती. पुढली बैठक होईल तेव्हा तिला प्रथम बोलू द्यावे, आणि आपण ऐकावे.